क्युरेटर व्हायचा ऑनलाइन कोर्स केला: दहा आठवड्यांतले दोन आठवडे एक नंबर, बाकीचं बघा बाबा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाई असलेले इथूनच वळतील. ५ पैकी ३. कोर्स करावा का, तर करावा, पण ज्या कारणासाठी ते विकतात त्या कारणासाठी करू नका. नाव लिहीत नाहीये, कारण खाली बरीच कुरकुर आहे आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाहीये. तसंही क्युरेटिंग (म्हणजे कामं निवडून प्रदर्शन उभं करणं) आणि कलासमीक्षेचे ऑनलाइन कोर्स आता पैशाला पासरी झालेत आणि साचा सगळ्यांचा एकच दिसतोय, त्यामुळे तुम्ही दुसरा कुठला घेणार असाल तरी हे वाचून उपयोग होईल.

मी स्वतः कलावाली नाही. मी कॅटलॉगचं लेआउट करते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले निबंध पानांत बसवायचे, चित्रांचे रंग जुळवायचे, शेवटच्या दिवशी क्युरेटरचा फोन येणार की दुसरा परिच्छेद बदललाय, तो घ्यायचा. हे करून करून झालं असं, की हे लोक नक्की करतात काय याची उत्सुकता वाटायला लागली, आणि खरं सांगू का, थोडी खाजपण होती की यापेक्षा बरं मी लिहीन. एका कॅटलॉगमध्ये 'संवाद' हा शब्द मी अकरा वेळा मोजलाय. चित्र भिंतीशी संवाद साधतं, भिंत जागेशी साधते, जागा इतिहासाशी. बोलत काय असतात एवढं देव जाणे.

तर कोर्स दहा आठवड्यांचा. आठवड्याला एक रेकॉर्डेड लेक्चर, एक लाइव्ह सेशन, वाचायला तीन-चार लेख आणि एक असाइनमेंट. सगळं इंग्रजीत. पहिले तीन आठवडे इतिहास आणि करिअर, चौथा प्रदर्शन उभं कसं करायचं, पाचवा बजेट आणि कागदपत्रं, सहावा लेबल आणि वॉल टेक्स्ट (प्रदर्शनात भिंतीवर लावायचा मजकूर), सात-आठ समीक्षा, नववा नेटवर्किंग, दहावा पोर्टफोलिओ रिव्ह्यू.

पहिले तीन आठवडे म्हणजे सरळसरळ स्टार लोकांच्या गोष्टी. बघायला मजा येते, नाही म्हणत नाही. स्विस क्युरेटर हाराल्ड झेमान आलेच पहिल्या मिनिटाला. १९६१ मध्ये, वय २८, स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाले या कलादालनाचे डायरेक्टर. १९६९ मध्ये त्यांनी ते गाजलेलं प्रदर्शन केलं, ज्यात मायकेल हायझरने इमारती पाडायचा लोखंडी गोळा आणून बाहेरचा डांबरी रस्ता फोडला, रिचर्ड सेराने वितळलेलं शिसं भिंतीच्या कडेला फेकलं आणि लॉरेन्स वायनरने भिंतीचं तीन फूट बाय तीन फूट प्लास्टर खरवडून काढलं, तेच त्याचं काम. गावात बोंबाबोंब. त्याच वर्षी झेमाननी नोकरी सोडली आणि स्वतंत्र क्युरेटर झाले, १९७२ मध्ये डॉक्युमेंटा ५ (जर्मनीत काही वर्षांनी एकदा भरणारं मोठं कलाप्रदर्शन) केलं, पुढे व्हेनिस बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं) दोनदा, १९९९ आणि २००१. स्लाइडवर लिहिलं होतं 'पहिला स्टार क्युरेटर', मागे संगीत.

आता यात काय गाळलं बघा. १९६९ च्या त्या प्रदर्शनाला पैसा होता फिलिप मॉरिसचा, म्हणजे सिगारेट कंपनीचा. बंडखोरीचं बिल तंबाखूने भरलं. हे मला कोर्सने नाही सांगितलं, वाचायला दिलेल्या एका लेखात एका ओळीत होतं. क्युरेटरचं अर्धं आयुष्य स्पॉन्सर शोधण्यात जातं हे सगळे कबूल करतात, मग या गोष्टीवर दहा मिनिटं का नाही? दुसरं म्हणजे, डॉक्युमेंटा ५ वर खुद्द कलाकारच चिडले होते. रॉबर्ट मॉरिसने काम काढून घेतलं, आणि दानिएल ब्युरेनने तर त्याच प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये लिहिलं की आता प्रदर्शनात कलाकृती दाखवत नाहीत, प्रदर्शन हीच कलाकृती म्हणून दाखवतात. म्हणजे आम्ही कलाकार तुमच्या पॅलेटवरचे रंग का? आज पन्नास वर्षं उलटून गेली तरी भांडण तेच आहे, आणि जो हा धंदा शिकायला आलाय त्याला पहिल्या आठवड्यात हे सांगायला नको?

मला झेमानची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. एवढं मोठं डॉक्युमेंटा केल्यावर दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, त्यांनी बर्नमधल्या एका फ्लॅटमध्ये आपल्या आजोबांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. आजोबा केशकर्तनाचा व्यवसाय करायचे. त्यांची अवजारं, त्यांचं सामान, सगळं नीट लावून. कोर्समध्ये यावर एक स्लाइड, पंधरा सेकंद. मी तिथे पॉज करून बसले.

क्युरेटर ओक्वी एन्वेझर यांच्यावरचा भाग चांगला झाला, तो करणारी शिक्षिका तयारीनिशी आलेली कळत होती. नायजेरियातून अमेरिकेत आलेला मुलगा, शिकला राज्यशास्त्र, लिहायचा कविता, आणि आफ्रिकन कलेबद्दल कुणी धड लिहीत नाही म्हणून १९९४ मध्ये मित्रांबरोबर 'न्का' नावाचं मासिकच काढलं. मासिकानंतर दोन वर्षांत, १९९६ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आफ्रिकन फोटोग्राफर्सचं प्रदर्शन, १९९७ मध्ये जोहान्सबर्ग बिएनाले, आणि २००२ मध्ये डॉक्युमेंटा ११, जे करणारे ते युरोपबाहेरचे पहिले. आणि तेही कसं, तर प्रदर्शन हा फक्त पाचवा टप्पा, आधीचे चार टप्पे म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी चर्चा, त्यातला एक २००१ मध्ये नवी दिल्लीत. २०१५ चं व्हेनिसही त्यांचंच. २०१९ मध्ये गेले, वय अवघं ५५.

हे सगळं ऐकताना मी वहीत एक ओळ लिहिली: यांतल्या कुणीच परवानगीची वाट बघितली नाही. क्युरेटर हान्स उलरिच ओब्रिस्टने १९९१ मध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरात प्रदर्शन केलं, कलाकार बोल्टान्स्कीची मेणबत्ती सिंकखाली, बघायला तीन महिन्यांत जेमतेम तीसेक माणसं. समीक्षक लुसी लिपार्डने १९६९ मध्ये सिअ‍ॅटलला प्रदर्शन केलं, नाव काय तर ५५७,०८७, म्हणजे त्या शहराची लोकसंख्या, आणि कॅटलॉग म्हणजे इंडेक्स कार्डांचा गठ्ठा, पत्त्यांसारखा पिसा आणि कुठूनही वाचा. (लेआउटवाली म्हणून सांगते, मला त्या कार्डांचा हेवा वाटला. पान नंबरच नाही म्हणजे अनुक्रमणिका चुकायची भीती नाही.) क्युरेटिंगचे कोर्स वगैरे निघाले तेच मुळात उशिरा, ग्रनोब्लचं मागाझँ १९८७, बार्ड १९९०, आम्स्टरडॅमचं दे आपेल १९९४. आणि आमचा कोर्स याच लोकांच्या गोष्टी सांगून शेवटी म्हणतो, प्रीमियम मेंबरशिप घ्या, ओपन कॉलची (प्रदर्शनांसाठी अर्ज मागवणाऱ्या जाहिरातींची) यादी दर सोमवारी येईल. अरे!

आता चौथा आठवडा. यासाठी सगळे गुन्हे माफ.

शिकवायला आला तो क्युरेटर नव्हताच, प्रदर्शनं टांगणारा माणूस, आयुष्यभर हेच केलेला. बुटका, चष्मा कपाळावर, कॅमेऱ्यासमोर बसताना हातात मेजरिंग टेप. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ म्हणाला, एक फ्रेम घ्या. ८० सेंटिमीटर उंच. मागची तार ताणली की फ्रेमच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर खाली येते. खिळा कुठे मारणार? आम्ही सगळे गप्प, एकाने लिहिलं 'डोळ्यांच्या लेव्हलला'. म्हणाला, कुणाच्या डोळ्यांच्या? मग समजावलं: चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर धरायचा, म्हणजे ५७ इंच, बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत, काही जण थोडं वर घेतात. १४५ अधिक फ्रेमची अर्धी उंची ४०, झाले १८५, त्यातून तारेचे १० वजा, खिळा १७५ वर. झालं. आता लहान-मोठी दहा चित्रं एका भिंतीवर असली तरी सगळ्यांचे मध्य एका रेषेत येतात आणि नजर अडखळत नाही. एवढं साधं गणित, आणि मी दहा वर्षं कॅटलॉगमध्ये प्रदर्शनांचे फोटो लावतेय, काही भिंती शांत का वाटतात आणि काही कटकटी का वाटतात ते त्या दिवशी कळलं.

त्यानंतर उजेड. कागदावरची कामं, जलरंग, कापड यांना ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतं. त्याने खोलीतले दिवे कमी करत करत मीटर ५० वर आणला आणि मग एक लेबल कॅमेऱ्यासमोर धरलं, बारीक करड्या अक्षरातलं. वाचा. कुणालाच वाचता येईना. म्हणाला, हे डिझायनरने भरपूर उजेडात, स्क्रीनवर केलंय. मी कॅमेरा बंद केला, लाजेने. तो डिझायनर मी असू शकते, अशी लेबलं मी केलीत.

मग कंडिशन रिपोर्ट, म्हणजे काम कुठल्या अवस्थेत आलं त्याची नोंद. क्रेट (काम ज्यात येतं ती पेटी) आलं की लगेच उघडायचं नाही, चोवीस तास त्या खोलीत तसंच ठेवायचं म्हणजे आतलं तापमान-आर्द्रता बाहेरच्याशी जुळते. उघडल्यावर टॉर्च आडवी धरून चित्रावरून फिरवायची, समोरून न दिसणारे पोपडे आणि ओरखडे आडव्या उजेडात सावली टाकतात. जे दिसेल ते फोटोवर खुणा करून लिहायचं, आणि परत पाठवताना तेच पुन्हा. नाही केलं तर ओरखडा तुमच्या गळ्यात. त्याने एका कोपऱ्याचा फोटो दाखवला, मिलिमीटरभर रंग उडालेला, आणि त्यावरून चाललेला तीन महिन्यांचा पत्रव्यवहार सांगितला. क्युरेटर हा शब्द लॅटिनमधल्या काळजी घेणे या क्रियापदावरून आलाय असं पहिल्या आठवड्यात स्लाइडवर होतं, तेव्हा ते नुसतं सजावटीचं वाक्य वाटलं होतं. आपल्याकडे अभिरक्षक म्हणतात, मला तो शब्द नेहमी सरकारी वाटायचा, टॉर्च बघितल्यावर बरोबर वाटला.

पाचवा आठवडा बजेटचा, एक्सेल शीट दिली, ती चांगली आहे, पुढे जाऊ.

सहावा आठवडा लेबलांचा. असाइनमेंट अशी: फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसचं १९९१ चं ते काम, चकचकीत रंगीत कागदातल्या गोळ्यांचा कोपऱ्यातला ढीग, त्याचं लेबल साठ शब्दांत लिहा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे ७९ किलोच्या आसपास. बघणाऱ्याने गोळी उचलायची, खायची. ढीग कमी होत जातो, पुन्हा भरता येतो. हे रॉसचं पोर्ट्रेट आहे, कलाकाराचा जोडीदार, जो त्याच वर्षी एड्सने गेला.

मी आधी मराठीत लिहिलं, कारण मला सुचतं मराठीत, मग इंग्रजी केलं. माझा पहिला खर्डा सुरू होत होता, 'क्षणभंगुरता आणि सहभाग यांच्यातला हळवा संवाद साधणारी ही कलाकृती'. हो, संवाद. अकरा वेळा मोजणाऱ्या बाईने स्वतः पहिल्याच वाक्यात घातला. शिक्षिकेने त्यावर फक्त एक प्रश्न लिहून परत पाठवलं: गोळी घेतली तर चालते का, हे कुठे लिहिलंय?

खरंच नव्हतं लिहिलं. साठ शब्दांत क्षणभंगुरता होती, सहभाग होता, रॉस शेवटच्या ओळीत होता, आणि समोर उभ्या माणसाला हात पुढे करू की गार्ड ओरडेल हे कळत नव्हतं. दुसऱ्या खर्ड्यात सुरुवात अशी केली: 'यातली एक गोळी घ्या. हा ढीग रॉसच्या आठवणीत आहे.' तिने दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारली, आठवणीत की रॉसच? पोर्ट्रेट आहे ना? तिसऱ्यात मी लिहिलं, 'हा रॉस आहे. एक गोळी घ्या.' उरलेल्या शब्दांत वजन, वर्ष, आजार. यावर तिने काहीच लिहिलं नाही, नुसती बरोबरची खूण. दहा आठवड्यांत मला तेवढीच एक खूण मिळाली आणि ती मी स्क्रीनशॉट काढून ठेवलीय.

आणि लाइव्ह सेशनमध्ये तिने सांगितलं की हा नुसता भाषेचा खेळ नाही. २०२२ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये याच कामाचं लेबल असं होतं की शीर्षक सोडलं तर त्यात रॉसचा उल्लेख नाही, एड्स नाही, १७५ पौंड म्हणजे प्रौढ पुरुषाचं सरासरी वजन वगैरे. लोक भडकले, टीका झाली, मग संग्रहालयाने लेबल बदललं आणि रॉस परत आला. काम तेच, ढीग तोच, बाजूचा वीतभर पुठ्ठा बदलला तर एक माणूस गायब. जोडीला कलाकार फ्रेड विल्सनचं १९९२ चं मेरीलँडचं उदाहरण दिलं, संग्रहालयाच्याच गोदामातून काढून काचेच्या कपाटात चांदीची नक्षीदार भांडी आणि मधोमध गुलामांच्या बेड्या ठेवल्या, लेबल फक्त 'धातुकाम १७९३–१८८०'. अजून एक शब्द घातला असता तर सगळं पडलं असतं.

यानंतर समीक्षेचे दोन आठवडे म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत भात संपल्यासारखं. मुळात कोर्सच्या नावातच क्युरेटर आणि समीक्षक दोन्ही आहे, त्यामुळे मला वाटलेलं की खरा पेच इथे उघडतील. एकच माणूस सोमवारी कॅटलॉगसाठी पैसे घेऊन निबंध लिहितो आणि गुरुवारी पेपरात त्याच कलाकारांच्या वर्तुळावर समीक्षा, मग खरं कुठे बोलायचं? मी लाइव्हला विचारलं. उत्तर आलं, पारदर्शकता ठेवा. आणि पुढची स्लाइड.

बरं उदाहरणं काही कमी नाहीत. अमेरिकन समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग, केवढा दबदबा, शिल्पकार डेव्हिड स्मिथ १९६५ मध्ये अपघातात गेल्यावर त्यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांपैकी एक. आणि त्या काळात काही शिल्पांवरचा पांढरा रंग काढून टाकला गेला. १९७४ मध्ये समीक्षक रोझालिंड क्रॉसने लेख लिहून हे उघड केलं. म्हणजे समीक्षकाची आवड इतकी वजनदार झाली की मेलेल्या माणसाच्या कामावर हात फिरला. यावर एक अख्खं सेशन होऊ शकलं असतं. त्याऐवजी आम्हाला 'दमदार सुरुवातीचं वाक्य कसं लिहावं' यावर चाळीस मिनिटं. समीक्षक जेरी सॉल्ट्झ ट्रक चालवायचे, चाळिशीला टेकल्यावर लिहायला लागले आणि २०१८ मध्ये पुलित्झर, हे प्रेरणेसाठी सांगितलं, पण त्यांचा एक परिच्छेद घेऊन तो का चालतो हे उलगडून दाखवलं असतं तर जास्त कामाचं झालं असतं. वाचनाच्या यादीत गीता कपूर नाहीत हेही खटकलं, २००१ मध्ये टेट मॉडर्नमध्ये क्युरेटर म्हणून काम केलेली आणि आयुष्यभर समीक्षा लिहिलेली बाई, नेमकं दोन्ही करणारी, आणि यादीत बाकी सगळे पश्चिमेचेच.

माझ्या समीक्षेच्या असाइनमेंटवर फीडबॅक आला सतरा दिवसांनी. 'छान आवाज सापडतोय, अजून खोलात जा.' बॅचमधल्या एकीला विचारलं, तिलाही तेच, शब्दशः. तिने तर चुकून दुसऱ्याच कोर्सची फाइल चढवली होती.

नववा आठवडा, नेटवर्किंग, मी दीडपट वेगाने ऐकला, त्यात ओपनिंगला कुणाशी किती मिनिटं बोलायचं हे आहे. दहावा, पोर्टफोलिओ रिव्ह्यू, जाहिरातीत 'वन टू वन' लिहिलंय, प्रत्यक्षात चौदा जणांचा ग्रुप कॉल आणि माणशी सहा मिनिटं, त्यातली दोन माझी स्क्रीन शेअर होईना यात गेली. मेल टाकला तर उत्तर आलं की ग्रुपमध्येही लक्ष वैयक्तिकच असतं. सर्टिफिकेट मात्र तासाभरात आलं, सोनेरी किनार, नावातली वेलांटी इंग्रजीतही चुकवता येते हे तेव्हा कळलं.

मग ३ तरी का, तर चौथ्या आणि सहाव्या आठवड्यासाठी. टांगणाऱ्या बाबाचं आणि लेबलवाल्या बाईंचं एवढंच चार आठवड्यांचं पॅकेज काढलं तर मी डोळे झाकून पाच देईन. नोकरी, ओळखी, नाव यासाठी घेत असाल तर नका घेऊ, तेवढ्या वेळात कुणाच्या तरी रिकाम्या खोलीत चार कामं लावून होतील. माझ्यासारखे कडेकडेने या कामात असलेले, डिझायनर, फोटोग्राफर, भाषांतर करणारे, यांना जास्त फायदा. शुद्ध लेखक असाल तर सातव्या-आठव्या आठवड्यात हात चोळत बसाल.

एक सूचना. रेकॉर्डिंग कोर्स संपल्यावर तीनच महिने दिसतात, हे बारीक अक्षरात सगळ्यात खाली आहे, बहुतेक ५० लक्समध्ये वाचायचं. डाउनलोड होत नाही. त्यामुळे चौथा आठवडा आधी बघा आणि बघताना टेप हातात ठेवा, तो मधेच उठून भिंतीपाशी जायला सांगतो.